एजन्सी, कोऑर्डिनेटर आणि पोर्टफोलिओवाले

बडोद्याच्या मुलीला किंवा मुलाला मॉडेलिंग करायचंय म्हटलं की घरातली चर्चा थेट मुंबईला जाऊन पोहोचते. काम मात्र अलीकडेच, सुरतेला असतं. सुरत बडोद्याहून साधारण एकशेतीस किलोमीटर, रेल्वेने दोन तासांच्या आतबाहेर. तिथल्या रिंग रोडच्या कापडबाजारातून साड्या, ड्रेस मटेरियल, कुर्ती, लेहेंगे यांचे कॅटलॉग बारा महिने निघत असतात. प्रत्येक डिझाइनला एक नंबर आणि प्रत्येक नंबरला एक फोटो. पूर्वी हे कॅटलॉग छापून देशभरच्या दुकानदारांकडे जायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ जाते. त्या फोटोंत कुणीतरी उभं असावं लागतं, आणि दरवेळी तोच चेहरा व्यापाऱ्यालाही नको असतो.

हे काम दिसतं तितकं मखमली नाही. सकाळी मेकअपला बसायचं आणि मग दिवसभर एकामागून एक साडी. ब्लाउज मॉडेलच्या मापाचा नसतोच. पाठीमागे क्लिपा लावून तो पुढून अंगाबरोबर बसवतात, आणि फोटोत पाठ दिसणार नसेल तर तसंच उभं करतात. साडी नेसवायला वेगळा माणूस असतो. तो भराभर निऱ्या घालून, पिना टोचून बाजूला होतो. पोज तीन-चार, त्याही ठरलेल्या. स्टुडिओ, फोटोग्राफर, मेकअपवाली आणि मॉडेल या सगळ्यांचे पैसे बहुधा दिवसाच्या हिशेबाने चढत असल्यामुळे संध्याकाळपर्यंत किती पोशाख उरकले याकडे व्यापाऱ्याचा डोळा असतो. नवरात्रीच्या आधी चणिया-चोळीची आणि लग्नसराईच्या तोंडावर दागिन्यांची अशीच कामं बडोद्यात आणि अहमदाबादेतही निघतात.

एजन्सी शोधण्याच्या प्रकरणात आधी क्लिपा आणि निऱ्या सांगायला कारण आहे. काम म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नसतं, त्याला समोरचा सांगेल ते खरं वाटतं. ‘पहिल्याच महिन्यात नॅशनल ब्रँड’ हे वाक्य ऐकून सुरतेचा स्टुडिओ पाहिलेली मुलगी हसते. न पाहिलेली मुलगी घरी येऊन वडिलांकडे पैसे मागते.

काम देणारा आणि काम करणारा यांच्या मध्ये तीन प्रकारची माणसं उभी असतात, आणि तिघंही स्वतःला एजन्सीच म्हणवून घेतात. पहिला कोऑर्डिनेटर. हा बहुतेक वेळा एकटा माणूस असतो. एक फोन, दहा-वीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि व्यापारी-फोटोग्राफरांच्या ओळखी हेच त्याचं भांडवल. तो तुमचे फोटो पुढे पाठवतो, काम जमलं तर आपलं कमिशन कापून घेतो. करारबिरार नसतो. सुरत-अहमदाबादचं बरंचसं काम अशाच माणसांमार्फत चालतं आणि त्यांच्यात सचोटीने वागणारे पुष्कळ आहेत. दुसरी खरी एजन्सी. ती तुमच्याशी लेखी करार करते, तुमच्या वतीने दर ठरवते, बिल लावते, पैसे वसूल करते, आणि कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाकारायचं याचा सल्ला देते. नवीन चेहरा घडवणाऱ्या पहिल्या एजन्सीला या धंद्यात ‘मदर एजन्सी’ म्हणतात. पुढे परदेशातल्या एजन्सीशी बोलणी झाली तरी तिचा वाटा राहतो. तिसरे पोर्टफोलिओवाले. यांचं उत्पन्न तुमच्या कामातून येत नाही, तुमच्याकडून येतं. फोटोशूट, ‘ग्रूमिंग’चा कोर्स, रॅम्पवॉकचं शिबिर, रजिस्ट्रेशन, ओळखपत्र असं काही ना काही ते विकतात. पैसे घेऊन चांगले फोटो काढून देणं हा सरळ धंदा आहे, त्यात वावगं काही नाही. वांधा येतो तो दारावर ‘एजन्सी’ची पाटी लावून कामाचं आमिष दाखवण्यात.

एजन्सी या व्यवसायाची घडणच पाहिली तर हा फरक पटकन कळतो. जॉन रॉबर्ट पॉवर्स यांनी १९२३ मध्ये न्यूयॉर्कला मॉडेल एजन्सी काढली. जगातली ही पहिली एजन्सी समजली जाते. १९४६ मध्ये त्याच शहरात आयलीन आणि जेरी फोर्ड या नवरा-बायकोने दुसरी सुरू केली आणि एक नवी गोष्ट आणली. गिऱ्हाईक पैसे देईल तेव्हा देवो, मॉडेलला तिचे पैसे एजन्सी आधीच देणार, वसुलीची डोकेदुखी एजन्सीची. चांगल्या मॉडेल त्यांच्याकडे वळल्या यात नवल नाही. म्हणजे ज्या एजन्सीने या धंद्याला वळण लावलं, ती मॉडेलला आगाऊ पैसे देत होती. बडोद्यातल्या मुलांकडे आगाऊ पैसे मागितले जातात. घर दाखवणारा दलालसुद्धा भाडेकरार होईपर्यंत दलाली मागत नाही, मग जिने अजून एकही काम आणलेलं नाही अशा एजन्सीने का मागावी?

न्यूयॉर्क राज्याने तर आता हे कायद्यातच घातलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे फॅशन कामगारांसाठीचा कायदा मंजूर झाला आणि जून २०२५ पासून लागू झाला. मॉडेलकडून एजन्सीला अनामत घ्यायला त्यात बंदी आहे, आणि कमिशनला २० टक्क्यांची मर्यादा आहे. मॉडेल एजन्सीसाठी असा खास कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे पारख करण्याचं काम आपल्याच गळ्यात पडतं.

फसवणुकीचा साचा मात्र ठरलेला आहे. इन्स्टाग्रामवर जाहिरात येते. रविवारी एखाद्या बऱ्याशा हॉटेलचा हॉल भाड्याने घेतलेला असतो, मागे चकचकीत बॅनर, त्यावर कुठल्यातरी नटीचा फोटो. मुलांना दोन पावलं चालायला लावतात, नाव-गाव विचारतात. मग आईला बाजूला घेऊन, “मॅडम, बच्ची का फेस बहुत फ्रेश है, बस थोडी ग्रूमिंग चाहिए.” दोन दिवसांनी फोन येतो. मुलगी ‘शॉर्टलिस्ट’ झालेली असते, जागा दोनच उरलेल्या असतात आणि पैसे आज संध्याकाळपर्यंत भरायचे असतात. हॉलमध्ये आलेली झाडून सगळी मुलं शॉर्टलिस्ट झालेली असतात हे नंतर कधीतरी दुसऱ्या पालकांशी बोलताना कळतं.

खरी एजन्सी नाही म्हणते. बहुतेकांना म्हणते, आणि लवकर म्हणते. रॅम्पसाठी मुलीची उंची साधारण पाच फूट आठ इंचांच्या पुढे आणि मुलाची सहा फुटांच्या आसपास लागते. त्याहून कमी असेल तर ती गोष्ट पहिल्याच ईमेलला सांगितली जाते, किंवा उत्तरच येत नाही. मन मोडतं हे खरं, पण पैसे वाचतात. कॅटलॉग, दागिने, जाहिरातपट यांना ही उंची लागत नाही. तिथे दात, हात, केस, हसू आणि संवाद म्हणायची तयारी बघतात. तेव्हा ‘तू रॅम्पला नाहीस, पण जाहिरातींना चालशील’ असं सांगणारा माणूस भेटला तर त्याचं पुढचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं.

अर्जासाठी पोर्टफोलिओ लागतो हा तर सगळ्यात जुना समज, आणि पोर्टफोलिओवाल्यांच्या तो पथ्यावर पडतो. एजन्सीला सुरुवातीला हवे असतात ते ‘डिजिटल’, म्हणजे अजिबात न सजवलेले फोटो. जुने लोक त्यांना अजून ‘पोलरॉइड’ म्हणतात. सकाळी आठ-नऊच्या उजेडात गच्चीवर साधी भिंत पाठीशी घ्यायची. अंगाबरोबर बसणारा एकरंगी टीशर्ट आणि जीन्स, केस मागे बांधलेले, मेकअप नाही, फिल्टर नाही. चेहरा समोरून, दोन्ही बाजूंनी, कंबरेपर्यंत आणि पायापर्यंत पूर्ण उभं. फोटो बहिणीने मोबाइलवर काढला तरी चालतो, फक्त मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरायचा. वरून धरला की पाय आखूड दिसतात आणि बघणाऱ्याला उंची कळत नाही. सोबत उंची, मापं, वय आणि गाव लिहायचं. वय आणि उंची खरी लिहा. दोन इंचांची थाप टेप लावताच उघडी पडते.

मुंबईत इनेगा, अ‍ॅनिमा यांसारख्या नावाजलेल्या एजन्सी आहेत. नावं घेतली ती शिफारस म्हणून नव्हे, एवढंच सांगायला की अशा ठिकाणी फोटो पाठवायला बडोद्यातला मध्यस्थ लागत नाही. त्यांच्या वेबसाइटवर दिलेला पत्ताच वापरायचा. त्यांचंच नाव सांगून कुणी जीमेलच्या पत्त्यावरून किंवा अनोळखी नंबरवरून बोलत असेल तर आधी एजन्सीच्या ऑफिसात फोन करून विचारायचं.

सरावासाठी पैसे मोजायची गरज बडोद्यात तर अजिबात नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथे आहे. तिथल्या अप्लाइड आर्ट्सच्या मुलांना फोटोग्राफीच्या कामासाठी चेहरे हवे असतात. त्याच विद्यापीठात क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्सचा विभाग आहे आणि गांधीनगरला निफ्ट ही फॅशनची संस्था आहे. कपडे शिवणाऱ्या विद्यार्थ्यांना ते घालून दाखवणारी माणसं लागतात. अशा ठिकाणी दोन्हीकडून पैसे नसतात. त्यांचं काम होतं, तुम्हाला चार बरे फोटो मिळतात. शिवाय कॅमेऱ्यासमोर सलग तीन तास उभं राहणं आपल्याला जमतंय का, हेही फुकटात कळतं. अनेकांना ते जमत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एजन्सीने होकार दिला की मग तपास सुरू करायचा. पहिली चौकशी कागदावरची. एजन्सीकडे जीएसटी क्रमांक असेल तर तो मागून घ्या. त्यात पंधरा अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४ आणि महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे मालकाचा किंवा कंपनीचा पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की कुणाच्या नावावर नोंदणी आहे आणि ती कधीपासूनची, हे समोर येतं. ‘बांद्र्याचं हेड ऑफिस’ म्हणणाऱ्याचा क्रमांक २४ ने सुरू होत असेल तर त्याला कारण विचारता येतं. लहान एजन्सीला उलाढालीच्या मर्यादेमुळे जीएसटी लागू नसेल, तेव्हा क्रमांक नाही म्हणजे लबाड असं नव्हे. आणि क्रमांक आहे म्हणजे प्रामाणिक असंही नव्हे. उद्या भांडायची वेळ आली तर कुणाशी भांडायचं, एवढं मात्र त्यावरून कळतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर स्थापनेची तारीख सापडते. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणारी कंपनी गेल्या पावसाळ्यात नोंदलेली निघाली की पुढचं बोलणं आपोआप आटोपतं.

दुसरी चौकशी माणसांची, आणि माझ्या मते ती कागदांपेक्षा मोलाची. एजन्सीच्या पानावर जी मॉडेल दिसतात त्यांतल्या दोघी-तिघींना निरोप पाठवायचा. सगळ्यात प्रसिद्ध चेहऱ्यांना नको, मधल्या फळीतल्यांना. एजन्सी सोडून गेलेली एखादी सापडली तर फारच उत्तम. ‘एजन्सी कशी आहे’ असं मोघम विचारलं की ‘छान आहे’ असं मोघम उत्तर येतं. शेवटचं पेमेंट काम झाल्यावर किती दिवसांनी आलं? कमिशन किती कापलं? टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनखाली जमा दिसतो का? हे विचारायचं. टीडीएसचा प्रश्न रुक्ष वाटतो, पण तुमच्या पैशातून कापलेला कर एजन्सीने सरकारजमा केला की खिशात घातला, ते आयकराच्या वेबसाइटवर स्वतःच्या खात्यात कुणालाही बघता येतं. त्यासाठी एजन्सीच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

मग करार. तो घरी आणायचा. ‘इथेच सही करा’ म्हणणाऱ्याकडे सही करायची नाही. कमिशन किती, तुमच्या रकमेतून कापणार की गिऱ्हाइकाकडून वेगळं घेणार, प्रवास आणि टेस्ट शूटचा खर्च कुणाच्या नावावर लिहिला जाणार, करार किती वर्षांचा आणि सोडायचा असेल तर किती दिवसांची नोटीस, हे त्यात स्पष्ट हवं. एक्सक्लुझिव्ह करार असेल, म्हणजे दुसऱ्या कुणामार्फत काम घ्यायचं नसेल, तर तो फक्त मुंबईपुरता की सगळ्या भारतासाठी? नवशिक्याने सुरत-अहमदाबादचं काम करारातून मोकळं ठेवायला सांगावं. मुंबईची एजन्सी वर्षभर काम देऊ शकली नाही, तर तेवढ्यावरच दिवस काढायचे असतात.

सगळ्यात कमी वाचलं जाणारं कलम फोटोंच्या वापराचं. फोटोत चेहरा तुमचा असला तरी फोटो तुमचा नसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर, आणि कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल तर उलट काही ठरलेलं नसल्यास तो माणूस. मॉडेल त्या यादीतच नाही. म्हणून एका कॅटलॉगसाठी दिलेला फोटो दोन वर्षांनी हायवेवरच्या होर्डिंगवर दिसला, तर हातात कागद असल्याशिवाय तुम्ही फारसं काही म्हणू शकत नाही. किती काळ, कुठल्या माध्यमात, कुठल्या भागात, हे तिन्ही लिहून घ्या. बडोदेकरांना याचं जुनं उदाहरण माहीत असायला हवं. सयाजीराव महाराजांसाठी रविवर्म्याने रंगवलेली पुराणचित्रं लक्ष्मी विलास पॅलेसात आहेत. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, आणि त्याची चित्रं ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत छापील प्रती होऊन घरोघरच्या भिंतींवर गेली. त्या दमयंती-सीता रंगवताना समोर बसलेल्या बहुतेक बायकांची नावंसुद्धा आज कुणी सांगू शकत नाही. त्यांच्या हिश्शाचा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही आला नसेल.

काम कुठल्या स्वरूपाचं आहे हेही आधीच लेखी हवं. १९९५ मध्ये टफ बुटांच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण अजगर गुंडाळून उभे राहिले. दोघंही सज्ञान, नावाजलेले, आणि काय करतोय हे पुरतं ठाऊक असलेले. तरी खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये दोघं निर्दोष सुटले. ती वाट त्यांनी समजून-उमजून घेतली होती. सेटवर पोहोचल्यावर ‘आता हा ड्रेस’ म्हणून हातात वेगळंच काही ठेवलं जातं, तेव्हा नवशिक्याला भीड पडते. आदल्या दिवशी ईमेलवर आलेला पोशाखाचा तपशील हातात असेल तर एजन्सीला फोन लावून नाही म्हणता येतं. असा फोन न घेणारी एजन्सी काय कामाची?

वय अठराच्या आत असेल तर बराचसा मामला वेगळा होतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात तसं स्पष्ट केलं. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीकडून एकटीची सही घेणारी एजन्सी एकतर अडाणी किंवा बेरकी. चौदाच्या आतल्या मुलांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत आणि त्यांत जाहिरातीही येतात. शूटिंग करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांपेक्षा जास्त सलग नाही, एका वेळी सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मिळणाऱ्या रकमेपैकी किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव. लहान मुलांचं शूट आहे म्हणणाऱ्याला परवानगीचा कागद दाखवायला सांगा. ज्याने तो कधी पाहिलेलाच नसतो त्याचा चेहराच सांगतो. आणि अठराच्या आतल्या मुलीकडे किंवा मुलाकडे ‘बॉडी शॉट’, अंतर्वस्त्रांतले फोटो किंवा तसल्या व्हिडिओ कॉलची मागणी झाली, तर तिथे एजन्सी चांगली की वाईट हा विचारच उरत नाही. ती पोलिसांची बाब आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

नाव मोठं म्हणजे जागा सुरक्षित, हेही धरून चालू नका. पॅरिसमधला ज्याँ-ल्यूक ब्रूनेल हा मॉडेलिंगच्या दुनियेतला बडा एजंट होता. अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांच्या आरोपांखाली डिसेंबर २०२० मध्ये तो विमानतळावर पकडला गेला आणि खटला उभा राहण्याआधी २०२२ मध्ये तुरुंगात मेला. म्हणून पहिली भेट ऑफिसात, दिवसाउजेडी, घरचं कुणीतरी सोबत घेऊन. भेट ऐनवेळी हॉटेलच्या खोलीत हलवली तर स्टेशन गाठावं. मुंबईहून बडोद्याला गाड्यांची कमी नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की या वाटेला जाऊच नये. तसं नाही. उज्ज्वला राऊत १९९६ मध्ये ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ झाली, त्याच वर्षी फ्रान्समधल्या नीसला एलिट या मॉडेल एजन्सीच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या पंधरांत आली आणि पुढे न्यूयॉर्क-पॅरिसच्या रॅम्पवर तिने नाव काढलं. पूजा मोर अहमदाबादेत इंजिनिअरिंग शिकलेली मुलगी. तिथल्या एका स्पर्धेत ती उतरली होती, जिंकली नव्हती. २०१५ मध्ये ती लुई व्हितॉनसाठी चालत होती.

आणि पैसे आधीच देऊन बसला असाल तर? ऑनलाइन भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे मधल्या खात्यात अडण्याची शक्यता जास्त. त्रास देणारा माणूस असेल तर गुजरातेत महिलांसाठी १८१ अभयम् ही हेल्पलाइन आहे. पावती, चॅट, यूपीआयचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो यांतलं काहीही पुसू नका. आणि आई-बाबांनो, पोरीवर ओरडायचं असेल तर ते नंतर ओरडा. आधी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. हे लोक पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात हॉल घेऊ शकतात ते केवळ आधीच्या गावातल्या आई-वडिलांनी लाजेपोटी तक्रार केलेली नसते म्हणून.